आपला कंपायलर आपण बांधावा

जी वस्तु बाजारांत तयार मिळते ती घरीं करण्यांत वेळ कां दवडावा, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून वरचेवर विचारला जातो. पापड, मसाले, लोणचीं यांच्यासंबंधानें त्याची चर्चा पुष्कळ झालेली आहे. तिच्यांत पुन्हा शिरण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकत आहे, त्या घरांत हाच प्रश्न हल्लीं निराळ्या रूपानें उभा राहतो. मूल रात्रभर संगणक चालू ठेवून बसतें; पडद्यावरून न समजणाऱ्या ओळी एकामागून एक सरकत असतात; आणि काय चाललें आहे असें विचारल्यास ‘कंपायलर बांधणें चाललें आहे’ एवढेंच उत्तर मिळतें. तयार कंपायलर एका आज्ञेसरशी, फुकट आणि पांच मिनिटांत मिळतो, हें आतां आईबापांनाही ठाऊक झालें आहे. मग हा खटाटोप कशासाठीं? यवतमाळसारख्या जिल्ह्यांत, जेथें वैशाखांत पारा चव्वेचाळीस अंशांवर चढतो आणि वीज ऐन वेळीं दगा देते, तेथें तर हा प्रश्न अधिकच रास्त आहे. त्याचें उत्तर आज यथामति देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कंपायलर म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहूं. संगणकाचा प्रोसेसर कांहीं ठराविक अंकमय आज्ञांवांचून दुसरें कांहींच जाणत नाहीं. मनुष्याला त्या आज्ञा लिहिणें अतिशय कष्टाचें. म्हणून मनुष्य आपल्याला सोईच्या भाषेंत लिहितो आणि एक दुभाषी त्याचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करितो. हा दुभाषी म्हणजेच कंपायलर. ग्रेस हॉपर या अमेरिकन गणितज्ञ विदुषींनीं १९५२ सालीं ‘ए-झीरो’ नांवाची अशी एक रचना तयार केली. पुढें १९५७ सालीं आय.बी.एम. कंपनींतील जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं फोर्ट्रान भाषेचा कंपायलर बाहेर काढला आणि या विद्येची भक्कम पायाभरणी झाली. मनुष्यानें लिहिलेल्या मजकुरास ‘मूळ संहिता’ आणि यंत्रावर चालणाऱ्या रूपांतरास ‘तयार प्रत’ म्हणावयाचें, असे दोन शब्द या लेखापुरते आपण ठरवून घेऊं. बँकेचा हिशेब, रेल्वेचें आरक्षण, शेतकऱ्याच्या मोबाइलवर दिसणारा बाजारभाव, या सर्वांच्या मागें असलेल्या प्रोग्रॅमांना केव्हां ना केव्हां कोणत्या तरी कंपायलरच्या हातून जावेंच लागतें. आणि ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, कंपायलर स्वतःही एक प्रोग्रॅमच आहे. त्यालाही मूळ संहिता असते आणि त्याचीही तयार प्रत कोणीतरी, कोठेंतरी, कांहीं विशिष्ट रीतीनें बनविलेली असते.

ज्या कंपायलरचें नांव आज जगभर विद्यार्थ्यांच्या तोंडीं आहे, तो ‘जी.सी.सी.’ रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचतां यावी, बदलतां यावी आणि दुसऱ्यास देतां यावी, अशी अट त्यांनीं परवान्यांतच घालून ठेविली. ती अट आजतागायत पाळली जात आहे. संहितेचें गांठोडें दाबून लहान केलेल्या रूपांत शंभर मेगाबाइटच्या आंतबाहेर भरतें. म्हणजे एखादा चित्रपट मोबाइलवर उतरविण्यास जितका वेळ लागतो, त्याहून कमीच वेळांत तें यवतमाळच्या, पुसदच्या किंवा वणीच्या घरीं येऊन पडतें.

यवतमाळ जिल्ह्याच्या वाचकांस कच्च्या मालाची कथा नव्यानें सांगावयास नको. यवतमाळहून मूर्तिजापुरास जाणारी ती अरुंद मापाची रेल्वे, जिला लोक प्रेमानें शकुंतला म्हणत आले, ती ब्रिटिश कंपनीनें घातली ती मुख्यतः येथील कापूस मुंबईच्या वाटेस लावण्यासाठींच. येथून रुई जाई आणि मँचेस्टरहून कापड होऊन परत येई. ती गाडी आतां बंद पडली आहे. परंतु कच्चा माल देऊन तयार माल विकत घेणाऱ्याची जी स्थिति होते, तिची आठवण या जिल्ह्यांत अजून बुजलेली नाहीं. कंपायलरच्या बाबतींत मात्र हा व्यवहार अगदीं उलटा झाला आहे. येथें कच्चा माल फुकट आपल्या दारीं येतो आणि तयार मालही फुकट येतो. पैशाचा प्रश्न नसल्यामुळें कच्च्या मालाच्या गांठोड्याकडे कोणी वळत नाहीं. पारतंत्र्याची टोंचणी पैशांतून होत नसली म्हणजे ती मुळींच होत नाहीं असें मनुष्यास वाटूं लागतें. आमच्या मतें खरा धोका येथेंच आहे.

आतां प्रत्यक्ष बांधणीकडे वळूं. तिच्या मुख्य पायऱ्या तीन: कॉन्फिगर, मेक आणि इन्स्टॉल. गांठोडें सोडल्यावर प्रथम कंपायलरला लागणारे तीन सोबती आणावे लागतात. मोठमोठ्या पूर्णांकांसाठीं जी.एम.पी., दशांश अपूर्णांकांच्या अचूक गणितासाठीं एम.पी.एफ.आर. आणि संमिश्र संख्यांसाठीं एम.पी.सी. हे तिघेही आपोआप उतरवून घेणारी एक लहानशी आज्ञावली गांठोड्यांतच ठेविलेली असते. नंतर संहितेच्या फोल्डरांत काम न करतां शेजारीं एक निराळा रिकामा फोल्डर करावा आणि बांधणी त्यांत करावी. असें केल्यानें मूळ संहिता स्वच्छ राहते आणि बांधणी बिघडली तर तो एकच फोल्डर पुसून पुन्हा आरंभ करितां येतो. कर्त्यांनीं स्वतःच ही सूचना आग्रहानें दिलेली आहे. तरी नवशिके ती टाळतात आणि फसतात.

कॉन्फिगर ही पायरी म्हणजे घर बांधण्यापूर्वीं जागेची पाहणी व नकाशा. ही आज्ञावली आपल्या यंत्राची कसून तपासणी करिते: प्रोसेसर कोणता, आधींचा कंपायलर आहे कीं नाहीं, कोणतीं साधनें हजर आहेत आणि कोणतीं गैरहजर. मग ती आपल्या निवडी विचारांत घेऊन पुढील कामाचा तपशीलवार आराखडा लिहिते. कांहीं उणें पडलें तर ती थांबते, आणि थांबण्याचें कारण ‘कॉन्फिग-लॉग’ नांवाच्या नोंदवहींत सविस्तर लिहून ठेविते. शेंकडों विद्यार्थी पडद्यावरची शेवटची ओळ पाहून हात टेकतात. ती वही उघडून वाचण्याची संवय ज्याला लागली, त्याचा अर्धा अभ्यास तेथेंच झाला.

निवडी पुष्कळ आहेत. त्यांपैकीं चार-पांच समजल्या म्हणजे बाकीच्यांची दिशा कळते. पहिली ‘प्रीफिक्स’, म्हणजे तयार कंपायलर कोठें ठेवावयाचा. कांहीं न सांगितल्यास तो सर्वांच्या सामायिक जागेंत जातो. विद्यार्थ्यानें आपल्या स्वतःच्या फोल्डरांतील जागा सांगावी. म्हणजे यंत्राच्या मूळ कंपायलरला धक्का लागत नाहीं आणि नको झाल्यास फोल्डर पुसला कीं संपलें. दुसरी निवड भाषांची. सी, सी-प्लस-प्लस, फोर्ट्रान, एडा इत्यादि भाषांपैकीं ज्या पाहिजेत तेवढ्याच मागाव्या. प्रत्येक भाषेगणिक वेळ वाढतो. तिसरी ‘मल्टिलिब’. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर जुन्या बत्तीस बिटांच्या प्रोग्रॅमांसाठींही साहित्य तयार करावयाचें कीं नाहीं, हा तो प्रश्न. तें साहित्य तयार करण्यास लागणारीं साधनें यंत्रावर नसलीं तर बांधणी अडते. म्हणून गरज नसल्यास ती निवड बंद करावी. चौथी ‘चेकिंग’. कंपायलरनें काम करतांना आपलीच अंतर्गत तपासणी कितपत करावी, हें तींत ठरतें. तपासणी वाढविली तर कंपायलर मंद चालतो, परंतु त्याच्यांतील दोष लवकर उघडे पडतात. ज्याला कंपायलरच्या अंतरंगांत शिरावयाचें आहे त्यानें ती अवश्य वाढवावी. पांचवी निवड ज्या यंत्रासाठीं आज्ञा तयार करावयाच्या त्या ‘टार्गेट’ची, तिच्याकडे पुढें येऊं.

एक लहानशी सूचना येथेंच देतों. तयार झालेल्या कोणत्याही जी.सी.सी.ला त्याची आवृत्ति विस्तारानें विचारली असतां तो आपली बांधणी कोणत्या निवडींनीं झाली, ती सबंध ओळ दाखवितो. ही त्याची जन्मपत्रिकाच होय. बाजारांतून तयार आणलेला कंपायलरही ती दाखवितो. ती वाचतां आली, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आपल्या वतीनें कोणते निर्णय घेऊन ठेविले आहेत, तें कळतें. आपण निर्णय घेतला नाहीं म्हणून निर्णय झालाच नाहीं असें नसतें. तो दुसऱ्यानें केलेला असतो, एवढेंच.

दुसरी पायरी ‘मेक’. ही आज्ञावली स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार केली. तिचें तत्त्व गृहिणींना चांगलें परिचित आहे: जें झालें आहे तें पुन्हा करूं नये, जें शिळें झालें असेल तेवढेंच नव्यानें करावें. फाइलींच्या वेळा पाहून ती हें ठरविते. म्हणून मध्येंच वीज गेली तरी सर्व श्रम वायां जात नाहींत. वीज आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली कीं काम बहुधा थांबल्या जागेपासून पुढें चालूं लागतें. मात्र वीज जातांना जी फाइल अर्धवट लिहिली जात होती ती नासकी निघूं शकते. पुढें चमत्कारिक दोष दिसूं लागले तर तेवढी फाइल पुसावी, आणि तेंही जमलें नाहीं तर बांधणीचा फोल्डर रिकामा करावा. एकाच वेळीं किती कामें चालवावयाचीं, हेंही ‘मेक’ला सांगतां येतें. चार कामें एकदम चालविलीं तर वेळ वांचतो. परंतु स्मृति तोकडी असली तर यंत्र गुदमरून काम मोडतें, आणि उन्हाळ्यांत लहान लॅपटॉप इतका तापतो कीं तो आपण होऊनच मंद होतो. ज्यांचें यंत्र साधें आहे त्यांनीं एक किंवा दोन कामांवर समाधान मानावें, पहांटेची वेळ धरावी आणि धीर ठेवावा. यंत्राच्या ताकदीप्रमाणें ही बांधणी अर्ध्या तासापासून कित्येक तासांपर्यंत चालते.

एवढा वेळ लागण्याचें मुख्य कारण मोठें मनोरंजक आहे. जी.सी.सी. हा आरंभीं सी भाषेंत लिहिलेला होता. २०१३ सालच्या ४.८ या आवृत्तीपासून तो बांधण्यास सी-प्लस-प्लस भाषेचा कंपायलर लागतो. म्हणजे कंपायलर करण्यासाठीं आधीं कंपायलर पाहिजे! ज्यांनीं घरीं दहीं लावलें आहे त्यांना या कोड्याचें नवल वाटणार नाहीं. दह्यासाठीं दूध पुरत नाहीं. विरजण लागतें, आणि विरजण म्हणजे कालचें दहींच. येथें मूळ संहिता हें दूध आणि यंत्रावर आधींपासून असलेला कंपायलर हें विरजण. त्या विरजणानें पहिला कंपायलर तयार होतो. परंतु तो परक्या विरजणानें लागलेला. म्हणून त्याच दुधाला आतां या पहिल्याचें विरजण लावून दुसरा करितात. मग दुसऱ्याच्या विरजणानें, त्याच दुधापासून, तिसरा. शेवटीं दुसऱ्या व तिसऱ्याच्या तयार फाइली एकमेकांशीं ताडून पाहतात. पहिला आणि दुसरा हे दोन्ही एकाच संहितेपासून झाले आहेत. ते खरोखर तीच भाषा जाणत असतील तर त्यांच्या हातून निघालेल्या वस्तु अगदीं सारख्याच निघाल्या पाहिजेत. तशा निघाल्या नाहींत तर यंत्र स्पष्ट शब्दांत अपयश जाहीर करितें आणि काम थांबवितें. या तिहेरी क्रियेस बूटस्ट्रॅप म्हणतात. घाई असेल तर ती बंद करण्याचीही निवड आहे. परंतु पहिल्या खेपेस ती बंद करूं नये, असा आमचा आग्रहाचा सल्ला आहे. कारण या विद्येचें मर्म त्या ताडून पाहण्यांतच आहे.

मर्म कोणतें? विरजण बिघडलेलें असलें तर दूध कितीही शुद्ध असो, दह्याला तीच चव येते. आणि त्या दह्याचें विरजण उद्यां लावलें तर परवांच्याही दह्यास येते. यूनिक्सच्या कर्त्यांपैकीं एक केन थॉम्पसन यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्यूरिंग व्याख्यानांत नेमकी हीच भीति मांडली. कंपायलरला एक कपट शिकवितां येतें: प्रवेशाची परीक्षा घेणारा प्रोग्रॅम पुढें आला कीं त्यांत गुप्त दार ठेवावें, आणि कंपायलरची स्वतःची संहिता पुढें आली कीं तींत हें कपट पुन्हा घालावें. एकदां इतकें साधलें कीं मूळ संहितेंतून कपटाच्या ओळी पुसून टाकल्या तरी चालतें. तें तयार प्रतींतून तयार प्रतींत पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहतें. संहिता वाचणाऱ्या पंडितास तेथें कांहींच सांपडत नाहीं. दुसरा कंपायलर तिसऱ्याशीं जुळला, एवढ्यानें हें कपट उघडकीस येत नाहीं, कारण बिघाड दोघांत सारखाच असतो. त्यावर डेव्हिड व्हीलर यांनीं २००९ सालच्या आपल्या प्रबंधांत उपाय सविस्तर सिद्ध केला. विरजण दुसऱ्या घरचें आणावें, म्हणजे अगदीं निराळ्या मूळाचा कंपायलर घेऊन तीच संहिता त्याच्याकडून बांधून घ्यावी, त्या प्रतीकडून ती पुन्हा बांधावी आणि निघालेली वस्तु आपल्या प्रतीशीं ताडावी. दोन परक्या घरांचीं विरजणें एकाच रीतीनें नासलेलीं असण्याचा संभव फार थोडा.

हें केवळ पंडितांचें कल्पनाजाल नव्हे. २०१५ सालीं चीनमध्यें ॲपल कंपनीच्या एक्सकोड या बांधणी-साधनाच्या भेसळ केलेल्या प्रती पसरल्या. अधिकृत ठिकाणाहून उतरविण्यास वेळ लागतो म्हणून कित्येक प्रोग्रॅमकारांनीं जवळच्या ठिकाणाहून त्या घेतल्या, आणि त्यांनीं प्रामाणिकपणें लिहिलेल्या ॲपांत त्यांच्या नकळत परका मजकूर शिरला. मार्च २०२४ मधील प्रकार तर कॉन्फिगरच्या पायरीशींच निगडित आहे. ‘एक्स-झेड’ नांवाच्या, गांठोडीं दाबण्यासाठीं सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट घातलेली आढळली. सर्वांसमोर ठेविलेल्या संहितेंत ती वाट उघडणारी ओळ नव्हतीच. ती होती प्रसिद्ध केलेल्या गांठोड्यांतील बांधणीच्या आज्ञावलींत. आंद्रेस फ्रॉइंड नांवाच्या प्रोग्रॅमकारास आपल्या यंत्रावर दुरून प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें, आणि एवढ्याशा धाग्यावरून त्यांनीं हें कारस्थान बाहेर काढलें. बांधणीची भाषा वाचूं शकणारा आणि अर्ध्या सेकंदाचा हिशेब मागणारा एक मनुष्य तेथें होता, म्हणून पुढचा अनर्थ टळला. असे मनुष्य कोठें निपजतात? ज्यांनीं केव्हां तरी हें काम स्वतःच्या हातांनीं केलें आहे त्यांच्यांतच.

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. जी.सी.सी.च्या संहितेच्या ओळी कोटीच्या घरांत आहेत. त्या सर्व वाचणें एका मनुष्याच्या आवांक्याबाहेरचें आहे. तेव्हां न वाचलेली संहिता घरीं बांधली काय किंवा तयार प्रत आणली काय, भरवसा दोहोंकडे परक्यावरच, असें कोणी म्हणेल. यांत तथ्य आहे. घरीं बांधलेला कंपायलर आपोआप निर्दोष होतो असा आमचा दावा नाहीं. रोजच्या कामासाठीं आपल्या यंत्रप्रणालीबरोबर आलेला कंपायलर वापरण्यांतही कांहीं गैर नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आंधळा भरवसा आणि डोळस भरवसा यांत अंतर आहे. ज्यानें बांधणी केली आहे तो गांठोड्यावरील कर्त्याची डिजिटल सही तपासून पाहतो. संशय आल्यास कोठें पाहावें तें जाणतो. आणि उद्यां कोणी तयार प्रत देण्याचें बंद केलें तर हातपाय गाळून बसत नाहीं. सर्व विहीर कोणी उपसून पाहत नाहीं. परंतु पाण्यास वास आला तर तो ओळखणारें कोणीतरी घरांत असावें लागतें.

याचा पोटापाण्याशीं कांहीं संबंध आहे काय, असें पालक विचारतील, व तें योग्यच आहे. त्यासाठीं वर राहिलेल्या ‘टार्गेट’ या निवडीकडे वळतों. ज्या यंत्रावर कंपायलर बांधला जातो तें ‘बिल्ड’, ज्यावर तो चालणार तें ‘होस्ट’ आणि ज्याच्यासाठीं तो आज्ञा निर्माण करणार तें ‘टार्गेट’. तिन्ही एकच असलीं तर तो साधा, घरगुती कंपायलर. टार्गेट तेवढें निराळें असलें तर त्यास क्रॉस कंपायलर म्हणतात. आणि तिन्ही निराळीं असलीं तर त्यास गमतीनें कॅनेडियन क्रॉस असें नांव पडलें आहे. कापसाच्या शेतांत जमिनीची ओल मोजणारें एखादें लहान यंत्र घ्या. त्याची स्मृति इतकी थोडी असते कीं त्यावर कंपायलर चालूंच शकत नाहीं. त्याचा प्रोग्रॅम मोठ्या संगणकावर क्रॉस कंपायलरनेंच तयार करावा लागतो. मद्रास येथील आय.आय.टी.नें ‘शक्ति’ आणि सी-डॅक संस्थेनें ‘वेगा’ हे प्रोसेसर आपल्या देशांत घडविले आहेत. दोन्ही रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर आधारलेले आहेत. अशा प्रोसेसरासाठीं योग्य निवडी करून कंपायलर बांधणें हें ज्यास येतें, त्यास कामाची वाण पडूं नये.

शिवाय या विद्येची परंपरा आपल्या महाराष्ट्रांतच आहे, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. मुंबईच्या आय.आय.टी.मधील प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांनीं ऐंशीच्या दशकांतच कंपायलर-रचनेवर पाठ्यपुस्तक लिहिलें. एकच आकडेमोड कंपायलरनें पुन्हा पुन्हा कशी टाळावी, या विषयावरील त्यांचें संशोधन या क्षेत्रांत जगभर परिचित आहे. त्यांच्या नंतरच्या पिढींतील प्राध्यापक उदय खेडकर यांनीं त्याच संस्थेंत जी.सी.सी.चें अध्ययन-केंद्र चालविलें. २०११ सालीं व त्याच्या पुढेंमागें तेथें ज्या कार्यशाळा झाल्या, त्यांत निरनिराळ्या निवडींनीं जी.सी.सी. बांधून पाहणें हा अभ्यासाचा एक आरंभीचा धडा होता. खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे या तिघांनीं मिळून लिहिलेला डेटा-फ्लो विश्लेषणावरील ग्रंथ २००९ सालीं परदेशीं प्रसिद्ध झाला. सहग्रंथकर्त्यांत एक विदुषी आहे, ही गोष्ट मुलींच्या आईबापांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. यवतमाळांत १९९६ पासून जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आतां निघालें आहे. मुंबईच्या प्रयोगशाळेंत जें गांठोडें उघडलें जातें तेंच, अक्षरशः तेंच, येथेंही उघडतां येतें. पुस्तकांच्या, उपकरणांच्या आणि अध्यापकांच्या बाबतींत मोठ्या शहराशीं बरोबरी करणें लहान गांवास कठिण जातें. येथें मात्र सामग्री दोहोंकडे सारखी आहे. उणें पडेल तें चिकाटीचें.

मराठी वाचकांसाठीं आणखी एक गोष्ट. २०२० सालच्या दहाव्या आवृत्तीपासून जी.सी.सी. प्रोग्रॅमांतील चलांचीं नांवें थेट देवनागरींत लिहिलेलीं स्वीकारतो. ‘वजन’, ‘भाव’ आणि ‘रक्कम’ अशीं नांवें देऊन कापसाच्या वजन-काट्याचा हिशेब आतां सी भाषेंत लिहितां येतो. भाषेचे मूळ शब्द इंग्रजीच राहतात, हें खरें. परंतु दारावरची पाटी तरी आपल्या लिपींत आली. आणि संहिता खुली असल्यामुळें पुढचें पाऊल टाकण्यास कोणाची परवानगी मागावयास नको.

म्हणून पालकांना आमची विनंति अशी कीं, मुलांच्या या खटाटोपास उधळपट्टी समजूं नये. एका रात्रीच्या विजेचा खर्च फारसा नाहीं आणि शिक्षण मात्र कित्येक महिन्यांचें आहे. विद्यार्थ्यांनींही केवळ रात्र जागविली म्हणून कृतकृत्य होऊं नये. एक साधी वही करावी; तींत प्रत्येक खेपेस कॉन्फिगरला दिलेल्या निवडी, लागलेला वेळ, आलेला अडथळा आणि त्याचें सांपडलेलें कारण लिहून ठेवावें. पहिल्या खेपेस फक्त सी भाषा मागावी, मग जी.सी.सी. बूटस्ट्रॅपासाठीं सी-प्लस-प्लसही आपण होऊनच कां जोडून घेतो, याचा शोध घ्यावा. दुसऱ्या खेपेस तपासणी वाढवून पाहावी, तिसऱ्या खेपेस दुसऱ्याच प्रोसेसराचें टार्गेट निवडावें. एका वेळीं एकच निवड बदलावी, म्हणजे कोणत्या कारणानें काय झालें तें निश्चित कळतें. आणि ही वही वर्षाच्या शेवटीं धाकट्या वर्गांतील एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं द्यावी. विद्येचें विरजण एका घरांतून दुसऱ्या घरांत असेंच जात असतें, आणि दिल्यानें तें कमी होत नाहीं.